मोठ्या पक्षांचे आयुष्य : नागपूर, छिंदवाडा आणि अमेरिका

लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, हे आपल्या प्रत्येक मंडळाच्या स्मरणिकेत कुठे ना कुठे लिहिलेले असते. त्यांनी आयुष्याच्या अखेरीस एक राजकीय पक्षही काढला होता, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. एप्रिल १९२० मध्ये त्यांनी 'काँग्रेस डेमोक्रॅटिक पार्टी' या नावाने जाहीरनामा प्रसिद्ध केला. काँग्रेसमध्ये राहायचे, नव्या कायद्याने मिळालेल्या कौन्सिलांच्या निवडणुका लढवायच्या आणि आत शिरून सरकारशी झुंजायचे, असा बेत होता. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले आणि त्यांच्यामागे तो पक्षही संपला. त्याला निवडणुकीचे तोंडसुद्धा पाहता आले नाही. गणेशोत्सव मात्र सव्वाशेहून अधिक वर्षे झाली तरी आपल्या मोहगावात, सौंसरात, पांढुर्ण्यात दर भाद्रपदात थाटाने उभा राहतो.

उत्सव टिकला आणि पक्ष टिकला नाही. मग पक्ष कशाने टिकतो? हा प्रश्न आज दोन कारणांनी डोक्यात घोळतो. जून २०२४ मध्ये आपल्या छिंदवाडा लोकसभा मतदारसंघाने जवळजवळ बहात्तर वर्षांची सवय मोडली. आणि ज्या अमेरिकेत आपल्या ओळखीपाळखीच्या घरांतली मुले-नातवंडे जाऊन राहिली, तिथल्या दोन जुन्या पक्षांचे पुढे काय होणार, याची चर्चा आता आपल्या ओट्यांवरही ऐकू येते. दोन्ही प्रश्न वरकरणी फार लांबचे वाटले तरी एकाच मुळाचे आहेत. आपल्या या जुन्या मध्यप्रांताने मोठे पक्ष जन्मताना, फुटताना आणि मरताना इतक्या जवळून पाहिले आहेत की त्या अनुभवाच्या आधारे अमेरिकेचाही थोडा अंदाज बांधता येतो.

नागपूरचे अधिवेशन

टिळक गेल्यावर पाचच महिन्यांनी, डिसेंबर १९२० मध्ये, नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याचे अध्यक्षपद टिळकांनी घ्यावे अशी नागपूरकरांची इच्छा होती. ते गेल्यामुळे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी अरविंद घोषांना विचारले, त्यांनी नकार दिला आणि शेवटी सी. विजयराघवाचारियर अध्यक्ष झाले. चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी आले होते. असहकाराचा ठराव पक्का झाला म्हणून हे अधिवेशन इतिहासात गाजले. पण पक्षाच्या आयुष्याच्या दृष्टीने तिथे झालेली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. काँग्रेसने आपली घटना बदलली. चार आणे वर्गणी भरणारा कोणीही सभासद झाला. वर्षातून एकदा भरणाऱ्या मेळाव्याला गावापासून दिल्लीपर्यंत समित्यांची उतरंड मिळाली, आणि प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे नेमल्या गेल्या.

सरकारच्या दफ्तरी 'मध्यप्रांत व वऱ्हाड' हा एकच प्रांत होता. काँग्रेसने त्याचे तीन केले : हिंदी मध्यप्रांत, मराठी मध्यप्रांत म्हणजे नागपूर, आणि वऱ्हाड. सरकारचा नकाशा एक आणि पक्षाचा नकाशा दुसरा, अशी स्थिती झाली. छत्तीस वर्षांनंतर, १९५६ मध्ये, सरकारला पक्षाच्याच नकाशाच्या दिशेने यावे लागले. लोक ज्या भाषेत भांडतात, रडतात आणि लग्ने जमवतात, त्या भाषेत शाखा उघडणारा पक्ष खोल जातो. नागपूरच्या अधिवेशनानंतर जानेवारी १९२१ मध्ये गांधीजी छिंदवाड्यात आले, तेव्हा मागे राहून काम करणारी समिती हे या भागाच्या दृष्टीने नवेच प्रकरण होते.

तीन वर्षांत चढून उतरलेला पक्ष

पण नुसती लोकप्रियता म्हणजे आयुष्य नव्हे, याचा धडाही याच प्रांताने दिला. १ जानेवारी १९२३ रोजी चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष स्थापन केला. कौन्सिलात जाऊन कौन्सिल बंद पाडायची, हा त्याचा कार्यक्रम. त्या वर्षाअखेरीस निवडणुका झाल्या, तेव्हा साऱ्या देशात ज्या एका प्रांतात या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले तो आपला मध्यप्रांत होता. डॉ. मुंजे यांच्यासारखे टिळकपंथी तिथे आघाडीवर होते. त्यांनी मंत्रिपदे नाकारली, मंत्र्यांवर अविश्वास दाखवला, अंदाजपत्रक फेटाळले. गव्हर्नरला मंत्र्यांच्या हातातली खाती परत स्वतःकडे घ्यावी लागली. पक्षाने जे बोलून दाखवले ते करून दाखवले.

आणि तिथेच त्याचे दुखणे सुरू झाले. बंद पाडून झाल्यावर पुढे काय? रस्ते, शाळा, दवाखाने यांची कामे अडली की मतदार आपल्याच सभासदाला विचारणार. ऑक्टोबर १९२५ मध्ये अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे, जे याच पक्षाचे आणि कौन्सिलचे अध्यक्ष होते, त्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातले गृहखाते स्वीकारले. मोतीलालजी खवळले. मुंजे, न. चिं. केळकर, मु. रा. जयकर आणि यवतमाळचे बापूजी अणे यांनी मात्र प्रतियोगी सहकारिता, म्हणजे सरकार जसे वागेल तसे आपण वागू, असा वेगळा मार्ग धरला. १९२६ च्या निवडणुकीपर्यंत पक्ष दुभंगला होता आणि १९२३ चा जोर ओसरला होता. तीन वर्षांत शिखर आणि तीन वर्षांत उतार! एकाच कामासाठी काढलेला पक्ष ते काम साधले तरी संपतो आणि नाही साधले तरी संपतो. पुढे संयुक्त महाराष्ट्र समितीचेही तसेच झाले. १९५७ ला पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला घाम फोडणारी ती समिती १ मे १९६० नंतर विरत गेली, कारण तिचे काम फत्ते झाले होते.

हायकमांडची ओळख

तिसरा धडा १९३८ चा. आदल्या वर्षी काँग्रेसने मध्यप्रांत-वऱ्हाडात बहुमत मिळवले होते आणि नागपूरचे डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले होते. त्या काळी त्या पदाला पंतप्रधान म्हणत. मंत्रिमंडळात मराठी भाग आणि महाकोशल यांच्यात ओढाताण होती. जुलै १९३८ मध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता या महाकोशलच्या तिघांनी राजीनामे द्यायला नकार दिला. गव्हर्नरने त्यांना काढले आणि खऱ्यांनी त्यांच्याविना नवे मंत्रिमंडळ बनवले. काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्याला खऱ्यांना बोलावून पुन्हा राजीनामा द्यायला लावला आणि शुक्ल नेते झाले. त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते.

खरे बरोबर की कार्यकारिणी, हा वाद आपल्या आजोबांच्या पिढीने पोटतिडिकीने घातला. आज त्यातला व्यक्तींचा भाग गळून गेला आहे, प्रश्न तेवढा उरला आहे. आमदारांचा नेता कोणी ठरवायचा? आमदारांनी, त्यांना निवडणाऱ्या मतदारांनी, की वरून पक्षाने? त्या दिवशी जे उत्तर मिळाले तेच पुढे जवळजवळ सगळ्या भारतीय पक्षांनी स्वीकारले. पक्षाला त्यातून शिस्त मिळाली. पण ज्याला वरचे उत्तर मान्य नाही, त्याला आत राहून लढायची जागा उरली नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा राहिल्या : गप्प बसणे किंवा बाहेर पडणे. खरे बाहेर पडले आणि पुढे हिंदुमहासभेत गेले.

आपण कुठे राहिलो

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. सौंसर-पांढुर्ण्याचा घाटाखालचा पट्टा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्यप्रदेशात राहिला. ज्या नागपूरला आपण बाजाराला, कोर्टाला आणि दवाखान्याला जात होतो ते राजधानीचे शहर राहिले नाही आणि आपली राजधानी सातपुड्यापलीकडे भोपाळला गेली. बोली तीच राहिली, सोयरीक तीच राहिली, संत्र्याचा आणि कापसाचा बाजार तोच राहिला. बदलली ती मतपेटी.

त्या काळातल्या राजकारणात मराठी माणसाजवळ पुष्कळ पक्ष होते. शेतकरी कामगार पक्ष होता. १९४२ ला नागपुरात स्थापन झालेले शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि त्यातून ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरातच उभा राहिलेला रिपब्लिकन पक्ष होता. वेगळ्या विदर्भाची चळवळ होती, जिच्या पाठिंब्यावर बापूजी अणे नागपूरहून लोकसभेत गेले. सीमेच्या या बाजूला यातले मुख्यत्वे वर्तमानपत्रांतून आणि पाहुण्यांच्या तोंडून पोचत राहिले. आपल्या मतपत्रिकेवर हळूहळू दोनच चिन्हांना वजन उरले. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, चिन्हांची ही माळ ते सहज म्हणून दाखवतील : आधी बैलजोडी आणि दिवा, मग गाय-वासरू, मग नांगरधारी शेतकरी, आणि त्यानंतर पंजा आणि कमळ. नावे आणि चिन्हे फिरली, पण बाजू दोनच.

हे नुसते आपल्या पट्ट्यात घडले नाही. साऱ्या मध्यप्रदेशात घडले. १९५२ ला हिंदुमहासभा, रामराज्य परिषद, समाजवादी, जनसंघ असे अनेक पक्ष रिंगणात होते. पुढच्या पंचवीस वर्षांत काँग्रेसविरोधी मते एका बाजूला वाहत गेली, १९७७ ला ती जनता पक्षात एकत्र आली आणि ६ एप्रिल १९८० ला भारतीय जनता पक्ष स्थापन झाल्यावर तिथे स्थिरावली. तिसरा पक्ष काढायचे प्रयत्न मोठमोठ्या माणसांनी केले. १९९६ च्या सुमारास अर्जुनसिंह आणि माधवराव शिंदे वेगवेगळे बाहेर पडले आणि १९९८ पर्यंत दोघेही काँग्रेसमध्ये परतले. उमा भारतींच्या भारतीय जनशक्ती पक्षाला २००८ ला पाच जागा मिळाल्या आणि २०११ मध्ये त्या भाजपमध्ये परतल्या. गोंडवाना गणतंत्र पक्षाने २००३ ला तीन जागा जिंकल्या, त्यातली एक आपल्या शेजारची अमरवाडा होती. पण तो जोर टिकला नाही. २०२३ च्या विधानसभेत २३० पैकी १६३ भाजप, ६६ काँग्रेस आणि इतर सारे मिळून एक. दोन पक्षांकडे २३० पैकी २२९ जागा! यापेक्षा अधिक अमेरिकी चित्र भारतात शोधूनही सहज सापडणार नाही.

किल्ला कसा पडतो

या दोन पक्षांच्या राज्यात छिंदवाडा हा एका बाजूचा किल्ला होता. १९५२ पासून लोकसभेला इथे काँग्रेसच निवडून येत गेली. १९७७ ला सारा उत्तर भारत उलटला, तेव्हा मध्यप्रदेशातल्या ४० जागांपैकी काँग्रेसला एकच मिळाली, ती छिंदवाड्याची. १९८० पासून कमलनाथ आले आणि पुढची चार दशके मतदारसंघाचे नाव आणि त्यांचे नाव एकत्र घेतले जाऊ लागले. मध्ये १९९७ च्या पोटनिवडणुकीत सुंदरलाल पटवा यांनी तो जिंकला, पण पुढच्याच वर्षी तो परत गेला. २०१९ मध्ये राज्यातल्या २९ पैकी २८ जागा भाजपला मिळाल्या तेव्हाही एक छिंदवाडा काँग्रेसकडे राहिला.

मग २०२४ ला तो एक लाख तेरा हजारांहून अधिक मतांनी कसा गेला? एका रात्रीत गेला नाही. २०१४ ला काँग्रेसचे मताधिक्य एक लाख सोळा हजारांच्या घरात होते, २०१९ ला ते साडेसदतीस हजारांवर आले. भिंतीला तडा पाच वर्षे आधीच दिसत होता. आणि तरीही नोव्हेंबर २०२३ च्या विधानसभेला सौंसर, पांढुर्ण्यासह सातही जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या. सहा महिन्यांत, त्याच मतदारांनी, त्याच बुथांवर वेगळा निकाल दिला. निवडणुकीच्या तोंडावर अमरवाड्याचे काँग्रेस आमदार भाजपमध्ये गेले, इतरही अनेक गेले. पण मला यातली मोठी गोष्ट वेगळी वाटते. भोपाळसाठीचे मत आणि दिल्लीसाठीचे मत यांत मतदार फरक करू लागला होता आणि पक्षाची शाखा मात्र दोन्ही मतांना एकच नाव पुरेल असे धरून बसली होती.

किल्ल्याची अडचण ही असते की आतला माणूस दरवाजाची डागडुजी करायचे विसरतो. जिंकणे ठरलेले असले की शाखेच्या बैठका होत नाहीत, सभासद नोंदणी कागदावर राहते, तरुण कार्यकर्त्याला वर जायला वाट मिळत नाही. कामे होतात, कधी पुष्कळ होतात, पण ती नेत्याच्या शब्दाने होतात, पक्षाच्या रिवाजाने नाही. नेता आहे तोवर हे चालते.

जॉर्जियाची गोष्ट

आता अमेरिकेकडे वळू. तिथल्या संविधानात पक्षांचा उल्लेख नाही. पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या पत्रात गटबाजीपासून सावध राहायला सांगितले होते. आपल्या संविधानातही मुळात पक्ष नव्हते. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीने ते तिथे आले. दोन्ही देशांत पक्ष हे मागून आलेले बिऱ्हाडकरू आहेत आणि दोन्हीकडे त्यांनी घर ताब्यात घेतले.

अमेरिकेतही मोठा पक्ष मरू शकतो. व्हिग पक्षाने १८४८ ला राष्ट्राध्यक्षपद जिंकले. १८५४ ला कॅन्सस आणि नेब्रास्का या नव्या प्रदेशांत गुलामगिरी चालू द्यायची की नाही हे तिथल्या लोकांवर सोडणारा कायदा झाला. उत्तरेतले आणि दक्षिणेतले व्हिग एका खोलीत बसू शकेनात. १८५६ पर्यंत पक्ष व्यवहारात संपला. ज्या पक्षाने देश चालवला त्याला नाहीसे व्हायला आठ वर्षे पुरली. त्याच्या जागी १८५४ ला रिपब्लिकन पक्ष उभा राहिला आणि जुने व्हिग असलेले अब्राहम लिंकन १८६० ला त्याच्याकडून निवडून आले. १८५३ पासून आजपर्यंत अमेरिकेचा प्रत्येक राष्ट्राध्यक्ष डेमोक्रॅट किंवा रिपब्लिकन या दोनच घरांतून आला आहे. १९१२ ला माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तिसरा पक्ष काढून उभे राहिले आणि दुसऱ्या क्रमांकावर थांबले. १९९२ ला रॉस पेरो यांना सुमारे १९ टक्के मते मिळाली, पण राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मंडळात त्यांच्या पदरी एकही मत पडले नाही.

जो सर्वांत पुढे तो विजयी, दुसऱ्याला काही नाही, या पद्धतीत तिसऱ्याची मते वाया जातात आणि मतदार हळूहळू दोघांत विभागले जातात. मोरिस द्युव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने हे १९५१ ला मांडले. मध्यप्रदेशाला ते तंतोतंत लागू पडते. पण सीमेपलीकडे आपल्या सोयऱ्यांच्या महाराष्ट्रात मतदानाची पद्धत हीच असून २०२२ आणि २०२३ च्या फुटींनंतर सहा मोठे पक्ष मैदानात आहेत. तेव्हा पद्धत हे अर्धेच कारण झाले. माझ्या मते दुसरे अर्धे कारण हे की महाराष्ट्रात साखर कारखाने, जिल्हा बँका, शिक्षणसंस्था यांच्या बळावर नेत्याला पक्षाबाहेरही उभे राहता येते. मध्यप्रदेशात बाहेर पडलेल्याला असा आधार नाही, म्हणून तो परत येतो.

अमेरिकेत नाराज माणूस बाहेर जातच नाही, कारण त्याला आत लढता येते. तिथे पक्षाचा उमेदवार प्राथमिक निवडणुकीत मतदारच ठरवतात. १८९२ ला शेतकऱ्यांच्या रागातून निघालेल्या पीपल्स पार्टीने चार वर्षांत डेमोक्रॅटांच्याच विल्यम ब्रायन यांना आपला उमेदवार केले आणि तिचे पाणी त्या मोठ्या प्रवाहात मिसळले. तेव्हा आजच्यासारख्या प्राथमिक निवडणुका नव्हत्या, पण वाट तीच होती. २०१६ ला अपक्ष सिनेटर बर्नी सँडर्स डेमोक्रॅटांच्या प्राथमिक निवडणुकीत उतरले आणि त्याच वर्षी कधीही कुठले सरकारी पद न भूषवलेले डोनाल्ड ट्रम्प रिपब्लिकनांचे उमेदवार झाले. दार उघडे असल्याने पक्षाचे नाव टिकते, पण आतला माल बदलतो.

हे आपल्या बागायतदारांना समजावून सांगायची गरज नाही. संत्र्याचे कलम करताना खुंट जंबेरीचा असतो आणि डोळा संत्र्याचा बांधतात. मूळ एक आणि फळ दुसरे. अमेरिकेचे दोन्ही पक्ष असेच आहेत. यादवी युद्धानंतर जवळजवळ शतकभर दक्षिणेतल्या गोऱ्यांचा पक्ष म्हणजे डेमोक्रॅट. जॉर्जिया राज्याने १९६४ पर्यंत एकदाही रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाला कौल दिला नव्हता. तो छिंदवाड्याहूनही जुना किल्ला. १९६४ मध्ये डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वर्णभेद संपवणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही केली आणि त्याच वर्षी जॉर्जिया पहिल्यांदा दुसऱ्या बाजूला गेला. तरी राज्याच्या गव्हर्नरपदावर रिपब्लिकन यायला २००२ उजाडले. वॉशिंग्टनचे मत आधी गेले, घरचे मत अडतीस वर्षांनी. आणि २०२० ला तोच जॉर्जिया पुन्हा डेमोक्रॅटांकडे, २०२४ ला पुन्हा रिपब्लिकनांकडे. किल्ला मोडला की तो दुसऱ्याचा किल्ला होतोच असे नाही, पुष्कळदा तो मोकळे मैदान होतो.

पुढे काय

म्हणून अमेरिकेच्या पक्षांविषयी माझा अंदाज असा. हत्ती आणि गाढव ही दोन्ही चिन्हे आपल्या नातवंडांच्या हयातीत तरी मतदारांसमोर राहतील. निवडणुकीची पद्धत बदलल्याशिवाय त्यांना हलवणे अवघड आहे आणि ती पद्धत बदलण्याचे अधिकार ज्यांच्या हाती आहेत ते याच दोन पक्षांतून आलेले असतात. मरणाची भीती एकाच प्रकारे आहे, ती व्हिगांची : एखादा प्रश्न असा निघावा की जो दोन पक्षांमध्ये नव्हे तर एकाच पक्षाच्या पोटात भिंत घालील. आजारपणाची भीती त्याहून मोठी आहे. दार इतके उघडे राहिले की कोण आत आले हे पाहणारे कोणी उरले नाही, तर पक्ष नावाला जिवंत राहतो आणि निवड करण्याचे आपले मूळ काम सोडून देतो. आपल्याकडे दुखणे याच्या उलट आहे. दार इतके बंद की तिकीट वरून येते, आणि आतली तक्रार पक्षांतर होऊनच बाहेर पडते.

दुसरी गोष्ट काठांची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीत पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते. दोन्ही काठांवर नातीगोती आहेत, तरी त्या दिवशी माणसाची ओळख काठावरून ठरते. पण मधला पळसाचा झेंडा निघाला की दगड थांबतात आणि झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. दगडांचे समर्थन कोणी शहाणा करणार नाही, दरवर्षी माणसे जखमी होतात. तरी त्यात एक नियम आहे : झेंडा कोणी नेला हे दोन्ही काठ मान्य करतात. लोकशाहीत हारणाऱ्याने हार मान्य करणे हा तोच नियम. २०२० च्या निवडणुकीनंतर ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनच्या संसदभवनावर जे घडले ते या नियमाचे तुटणे होते. दोन पक्षांची व्यवस्था किती जगेल, हे शेवटी या एका मान्यतेवर अवलंबून आहे. छिंदवाड्यात बहात्तर वर्षांनी सत्ता हलली आणि दुसऱ्या दिवशी बाजार नेहमीसारखा उघडला, ही गोष्ट आपण सहज धरतो. ती तितकी सहज नाही.

आता आपल्या हिताचा भाग. किल्ला होतो तोवर आपण मराठी भाषक कोणाच्याच हिशेबात नव्हतो. एका पक्षाला वाटे, ही मते आपलीच आहेत. दुसऱ्याला वाटे, ही मते मिळायचीच नाहीत. १९५६ च्या ज्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यांची नवी मांडणी पक्की झाली, तिनेच अनुच्छेद ३५०-क घातला. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे तो सांगतो. म्हणजे ज्या कायद्याने आपल्याला सीमेच्या या बाजूला ठेवले त्यानेच आपल्या पोरांच्या मराठीची जबाबदारीही राज्यावर टाकली. ते कलम आजही जागेवर आहे. पण कलमाला पाय नसतात. ते चालवायला पक्ष लागतो आणि पक्ष चालायला त्याला गरज वाटावी लागते.

आज ती गरज निर्माण होण्यासारखी स्थिती बऱ्याच वर्षांनी आली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर-मोहगावचा आपला पट्टा त्यात आला. छोट्या जिल्ह्यात मराठी घरांचे प्रमाण लपत नाही. आमदार एका पक्षाचे आणि खासदार दुसऱ्या पक्षाचे, असा २०२४ चा निकाल आहे. दोघांनाही पुढच्या वेळी काठावरची मते हवी आहेत. कोणाला मत द्यावे हे सांगणे मंडळाचे काम नव्हे आणि या लेखाचेही नव्हे. पण एक पत्र दोन्ही पक्षांच्या जिल्हाध्यक्षांना, एकाच मजकुराचे, मंडळाच्या लेटरहेडवर जाऊ शकते : प्राथमिक शाळेत मराठी शिकवणारे शिक्षक आणि मराठी पुस्तके यांसाठी आपला पक्ष काय करणार, हे लेखी कळवावे. जो उत्तर देईल त्याची शाखा जिवंत आहे असे समजावे. जो देणार नाही त्याची अवस्था काय आहे, हे पुढच्या निवडणुकीपूर्वीच कळलेले बरे.